कासवासोबत मिळणारा 'टर्टल सेट': एकेक वस्तू तपासून

लाल कानाचं कासव विकत घेतलं की दुकानदार त्याच्यासोबत एक संच पुढे सरकवतो. मुंबई, पुणे, नाशिक, कुठेही जा, ॲक्वेरियमच्या दुकानातला हा संच थोड्याफार फरकाने सारखाच असतो. पारदर्शक प्लास्टिकचा टब, त्यात हिरवं नारळाचं झाड लावलेलं बेट, रंगीत खड्यांची पिशवी, सुक्या कोळंबीची डबी आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरिन घालवणाऱ्या अँटिक्लोरिनची छोटी बाटली. जरा महागातला संच असेल तर यूएसबीवर चालणारा वाकडमानेचा दिवा आणि मुठीएवढा फिल्टरही मिळतो. "यात सगळं आलं" हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. पण वर्षभरानंतर यातल्या दोनच वस्तू कामाच्या उरतात, अँटिक्लोरिन आणि टब. आणि टबही ज्या कामासाठी विकला जातो त्या कामासाठी नाही.

संचाकडे वळण्याआधी कासव कोणतं आहे ते नीट पाहा. बाजारात उघडपणे विकलं जातं ते लाल कानाचं, मूळ अमेरिकेच्या दक्षिण भागातलं. डोळ्यामागे लाल पट्टा, हिरवी पाठ, पिवळं पोट. याच आकाराची, पण पाठ घराच्या छपरासारखी मधोमध उंचावलेली आणि लाल पट्टा डोळ्यामागून वर वळलेली पिल्लं 'इंडियन टर्टल' म्हणून दाखवली तर तिथून निघावं. ती आपल्याकडच्या नद्यांमधली आहेत. देशी कासव पाळणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, मग ते तारा कासव असो की विहिरीत 'पाणी स्वच्छ राहावं' म्हणून सोडलं जाणारं मऊ कडांचं कासव. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तेव्हापासून अनुसूची १ मधल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीतल्या प्राण्यांसाठी ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. तारा कासव याच अनुसूचीत आहे. 'वास्तूसाठी शुभ' म्हणून कोणी चोरून आणून देत असेल तर घेणाराही गुन्हेगार ठरतो. शुभासाठी देवळाच्या सभामंडपात दगडी कासव आहेच.

आता टब. संचातला टब साधारण ३० सेंटीमीटर लांब असतो आणि बेट कोरडं राहावं म्हणून त्यात पाणी ३-४ सेंटीमीटरच भरायचं असतं. पिल्लू त्याच मापाचं असल्यामुळे हे ठीक वाटतं, पण नेमकी इथेच गडबड होते. पाण्यात उलटं पडलेलं कासव सुलटं व्हायला अंग गरकन फिरवतं, आणि त्यासाठी पाण्याची खोली त्याच्या पाठीच्या रुंदीपेक्षा जास्त लागते. उथळ पाण्यात ते बेटाच्या कडेला उलटं अडकतं आणि डोकं वर काढता न आल्याने बुडतं. कासव बुडत नाही हा गैरसमज आहे. ते फुप्फुसाने श्वास घेतं. पाण्याची खोली पाठीच्या लांबीच्या निदान दीडपट हवी, आणि वर चढायला उतार हवाच.

आकाराचा हिशोब सोपा आहे. पाठीच्या दर अडीच सेंटीमीटर लांबीमागे साधारण ३८ लिटर पाणी. म्हणजे १० सेंटीमीटरच्या कासवाला १५० लिटर. नर १५ ते २० सेंटीमीटरवर थांबतो, मादी २५ ते ३० सेंटीमीटरपर्यंत जाते, आणि नीट सांभाळलं तर २० ते ३० वर्षं जगतात. दुकानदार टबनंतर २ × १ × १ फुटाची टाकी सुचवतो. पाऊण भरली तर तिच्यात ४२ लिटर मावतात, त्यामुळे तीही काही महिन्यांतच तोकडी पडते. मधला टप्पा गाळून सरळ ४ × दीड × दीड फुटाची टाकी घ्यावी. पाऊण भरल्यावर तिच्यात सुमारे १९० लिटर बसतात. नर असेल तर बरीच वर्षं तिच्यावर निभावतं, मादीला मात्र पुढे निदान ३८० लिटर लागतात. तळमजला, अंगण किंवा भक्कम गच्ची असेल तर सिमेंटचा हौद किंवा ५०० लिटरची पाण्याची टाकी वरून कापून घेणं काचेपेक्षा स्वस्त पडतं. काळी टाकी उन्हात फार तापते, तेव्हा ती सावलीत ठेवून, कासवाला बसायला पाण्याबाहेर काढलेल्या दगडी फरशीवर (ती कशी रचायची ते पुढे येतं) ऊन पडेल अशी बसवा. फ्लॅटमध्ये पाणी, काच आणि स्टँड मिळून पाव टनाच्या आसपास वजन होतं, म्हणून टाकी भिंतीलगत, तुळईजवळ असावी. आणि पिल्लू घेतानाच ते नर आहे की मादी हे कोणालाही सांगता येत नाही. पुढच्या पायांची लांब नखं आणि जाड, लांब शेपटी ही नराची खूण दिसायला पाठ १० सेंटीमीटरच्या आसपास पोहोचावी लागते.

सर्वात जास्त फसवणूक होते ती दिव्यात, म्हणून इथे जरा थांबू. संचातल्या दिव्याच्या खोक्यावर 'यूव्हीए + यूव्हीबी' असं ठळक छापलेलं असतं. आत जांभळट उजेड देणारे चार-सहा एलईडी असतात. जांभळा रंग म्हणजे यूव्हीबी नव्हे. यूव्हीबी हे उन्हातले अतिनील किरण, ते डोळ्यांना दिसतच नाहीत. कासवाच्या कातडीतला एक घटक यूव्हीबी किरणांनी बदलतो आणि त्यातून डी३ जीवनसत्त्व बनतं. डी३ नसेल तर खाण्यातलं कॅल्शियम आतड्यातून शोषलं जात नाही. मग शरीर कवचातूनच कॅल्शियम उपसायला लागतं. पाठ मऊ पडते, कडा वर वळतात, मागचे पाय ओढत चालणं सुरू होतं. हे व्हायला महिने लागतात, तोवर दिव्याचा आणि पाठीचा संबंध कोणाच्या डोक्यात येत नाही. पिल्लाच्या कवचात थोडा लवचिकपणा असतोच. पण बोटाने हलकं दाबल्यावर ओल्या पुठ्ठ्यासारखं आत जात असेल तर ते दुखणं आहे.

खरा यूव्हीबी दिवा ओळखायचा तो आकड्यावरून. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी बनवलेल्या नळ्यांवर यूव्हीबीचं प्रमाण टक्क्यांत किंवा ५.०, १०.० अशा अंकांत लिहिलेलं असतं, आणि किती अंतरावर लावायची याचा तक्ता खोक्यात असतो. लाल कानाच्या कासवाला ५ ते ६ टक्क्यांची टी५ एचओ (बारीक, जास्त उजेडाची) नळी, मागे चकचकीत रिफ्लेक्टर लावून, कासवाच्या पाठीपासून साधारण ३० सेंटीमीटरवर योग्य बसते. यूव्ही इंडेक्स मोजायचं मीटर मिळालं तर फरशीवर आकडा ३ च्या आसपास यावा. नळी आणि कासव यांच्यामध्ये काच किंवा ॲक्रिलिक नको, काच यूव्हीबी जवळजवळ सगळं अडवते. बारीक जाळीसुद्धा तिसरा हिस्सा खाऊन टाकते. टी५ नळी १२ महिन्यांनी बदलायची, जुन्या प्रकारची जाड टी८ असेल तर ६ महिन्यांनी. उजेड तसाच दिसत राहतो, यूव्हीबी मात्र संपलेलं असतं, म्हणून नळी लावल्याची तारीख पट्टीवर मार्करने लिहून ठेवा. जंतू मारायचे 'यूव्ही' दिवे या कामासाठी कधीही वापरू नका. ते यूव्हीसी देतात, त्याने कासवाचे आणि तुमचेही डोळे भाजतात.

महाराष्ट्रात या दिव्याला एक उत्तम पर्याय वर्षातले आठ महिने फुकट मिळतो, तो म्हणजे ऊन. सकाळी साडेआठ ते दहाच्या दरम्यान २० ते ३० मिनिटं, आठवड्यातून तीन-चार दिवस. मात्र बंद काचेच्या खिडकीतून येणारं ऊन धरू नका, वर सांगितलेलीच अडचण तिथे येते. काचेची टाकी उन्हात ठेवू नका, ती भट्टी होते. रुंद घमेल्यात किंवा टपात पुरेसं पाणी घ्या, अर्ध्या भागावर फळी टाकून सावली करा, आणि कावळे, घारी, मांजरांसाठी वर जाळी. मे महिन्यात उथळ पाणी थोड्याच वेळात कढत होतं आणि सावली नसेल तर कासव त्यातच मरतं. कामाला म्हणून आत जायचं असेल तर कासवही आत न्यावं. जून ते सप्टेंबर मात्र उन्हाचा भरवसा नाही, कोकणात आणि मुंबईत तर अजिबात नाही. नळी घ्यायचीच असेल तर मेअखेरीस नवी बसवावी, म्हणजे पावसाळाभर ती जोमात असते.

यूव्हीबी वेगळं आणि ऊब वेगळी. एलईडी बल्बने ऊब मिळत नाही. फरशीवर ५० वॉटचा हॅलोजन लावा आणि जिथे कासव बसतं तिथलं तापमान ३२ ते ३५ अंश येईपर्यंत दिवा वर-खाली सरकवा. दोन्ही दिवे दिवसा १० तास, रात्री पूर्ण अंधार.

बेटाबद्दल एवढंच की ते टबलाच जोडलेलं असतं आणि त्याची चढण गुळगुळीत असते. वेगळं मिळणारं तरंगतं बेट चार रबरी चोषकांवर काचेला चिकटतं. पंधरा-वीस दिवसांत काचेवर शेवाळाचा पातळ थर धरतो, एक चोषक सुटतो, बेट तिरकं होतं, आणि कासव त्याच्या खाली शिरून काचेत चेपून बसतं. वाढत्या कासवाचं वजनही ते पेलत नाही. याला आपल्याकडचा सरस पर्याय म्हणजे शहाबादी फरशी, पॉलिश न केलेली. दोन उभ्या विटांवर एक आडवी, तिला टेकून दुसरी तिरकी. धार लागणार नाही अशा कडा कारागिराकडून घासून घ्या, आणि रचना हलवून पाहा. कासव खाली अडकेल अशी फट राहता कामा नये. खरखरीत पृष्ठभागावर नखं रुततात, दगड ऊब धरून ठेवतो. फरशी जमली की दोन दिवसांत दिसतं. कासव वर चढून मान पुढे ताणतं, मागचे पाय मागे सरळ सोडतं आणि बोटं पंख्यासारखी फाकवतं. ते असं निवांत पसरलं की जागा पसंत पडली म्हणायची.

रंगीत खडे सरळ काढून टाका. कासव ते गिळतं आणि आतडं तुंबतं. तळ मोकळा ठेवा किंवा कासवाच्या डोक्यापेक्षा मोठे गोटे घाला.

संचातला छोटा फिल्टर माशांच्या हिशोबाने बनवलेला आहे. कासव माशापेक्षा कितीतरी जास्त घाण करतं, म्हणून आपल्या टाकीच्या दुप्पट-तिप्पट मोठ्या टाकीसाठी बनवलेला फिल्टर घ्यावा. १९० लिटरला तासाला हजार-बाराशे लिटर फिरवणारा, टाकीबाहेर ठेवायचा डब्यासारखा कॅनिस्टर फिल्टर योग्य. कासव हवेत श्वास घेतं म्हणून मासा मरेल अशा अमोनियातही ते पोहत राहतं, आणि पाणी बिघडल्याचं कळेपर्यंत कवच कुजायला किंवा डोळे सुजायला सुरुवात झालेली असते. त्यामुळे वासावर भरवसा न ठेवता टेस्ट किट वापरा. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या खाली. अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये राहतात. स्पंज नळाखाली धुतला की क्लोरिनने ते मरतात, म्हणून तो टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळायचा. अँटिक्लोरिनचा खरा उपयोगही या जिवाणूंसाठीच आहे. बाटलीवरच्या मात्रेप्रमाणे थेंब नव्या पाण्यात आधी मिसळा, मग ते टाकीत ओता. दर आठवड्याला २५ ते ३० टक्के पाणी बदला. नळीने पाणी उपसताना तोंडाने ओढू नका. कासवाच्या विष्ठेत साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो. त्याचमुळे अमेरिकेत १९७५ पासून ४ इंचांपेक्षा छोटी कासवं विकायला बंदी आहे. हात साबणाने धुवा, टबाचं पाणी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ओतू नका, आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात कासव देऊ नका.

हीटर संचात नसतो, आणि मुंबई-कोकणात बहुतेक वर्ष त्याची गरजही नसते. पाणी २४ ते २७ अंश राहिलं की पुरे, पिल्लांना एखाद अंश जास्त. पुणे, नाशिक, विदर्भात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री मात्र थर्मोस्टॅटचा हीटर लागतो. त्यावर प्लास्टिकचं जाळीदार आवरण हवं, कारण कासव धडक मारून काच फोडतं. पाणी काढण्याआधी हीटरचा प्लग काढा. चालू हीटर उघडा पडला तर तडकतो आणि पाण्यात वीज उतरते. टाकीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या, आणि वायरी प्लगच्या खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे ओघळ प्लगमध्ये जात नाही.

विजेचा हिशोबही घ्या, तो दुकानात कोणी सांगत नाही. ५० वॉटचा हॅलोजन १० तास म्हणजे महिन्याला १५ युनिट, २४ वॉटची नळी ७ युनिट, १५ वॉटचा फिल्टर चोवीस तास म्हणजे जवळपास ११ युनिट. एकूण ३३. हीटर चालू झाला की त्यात आणखी भर.

आता डबी. सुकी कोळंबी कासवं आवडीने खातात, त्यामुळे बरेच जण वर्षानुवर्षं तेवढंच घालतात. त्यात अ जीवनसत्त्व फार कमी असतं. आधी पापण्या फुगतात, मग डोळे उघडेनासे होतात. कासव शिकार डोळ्याने हेरतं, दिसत नाही म्हणून खात नाही, आणि न खाल्ल्याने आणखी खंगतं. या डोळ्यात घरातले थेंब टाकू नका, मूळ कारण पोटात आहे. कोळंबी आठवड्यातून एकदा, तोंडाला चव म्हणून. बाजारातला जवळा तिच्याऐवजी चालत नाही, तो समुद्रातला आणि खारट.

मुख्य खाणं म्हणजे कासवासाठीचे पेलेट, म्हणजे तयार खाद्याचे दाणे. पिल्लांना ३५ ते ४५ टक्के प्रथिनांचे, रोज एकदा. मात्रा कासवाचं डोकं पोकळ धरलं तर त्यात मावेल तेवढी, मान न धरता. पाठ १० सेंटीमीटरच्या पुढे गेली की पेलेट एक दिवसाआड, आणि मोठ्या कासवाला दोन-तीन दिवसांतून एकदा. अधेमधे पाला. मोठ्या कासवाच्या खाण्यात निम्म्याहून जास्त वाटा पाल्याचा हवा. शेवग्याचा पाला, कोथिंबीर, किसलेलं गाजर, लाल भोपळ्याच्या चकत्या. पालक आणि माठ शक्यतो नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. जलपर्णी कासवाला चालते, पण नदीवरून उचलू नका, गटाराच्या पाण्यातले जड धातू तिच्यात साठतात. घरच्या बादलीत वाढवलेली ठीक. भात, पोळी, पाव, पनीर काहीच नको. कासवाला घास गिळायला पाणी लागतं, म्हणून सगळं पाण्यातच टाका, आणि अर्ध्या तासाने उरलेलं जाळीने काढा.

संचात कधी कधी 'कॅल्शियम ब्लॉक' म्हणून कासवाच्या आकाराची पांढरी वडी येते. ती पाण्यात विरघळत जाते, कासवाच्या पोटात फारसं काही जात नाही. त्याऐवजी काष्ठौषधींच्या किंवा पक्ष्यांच्या दुकानातून समुद्रफेन आणा. माखलीच्या पाठीतलं ते हलकं, पांढरं हाड. मागची कडक साल सुरीने सोलून टाका आणि तुकडा पाण्यावर तरंगत सोडा. कासव हवा तेव्हा येऊन कुरतडतं, चोच झिजते ती वेगळी.

आजाराच्या बाबतीत काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. पोहताना एका अंगाला कलणं, नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास, ही फुप्फुसाच्या संसर्गाची लक्षणं. वाट पाहू नका. पाठीवरून काचेसारखे पातळ पापुद्रे सुटणं नैसर्गिक आहे, ते ओढून काढू नका. पण खाली पांढरं, मऊ, दुर्गंधी असेल तर ते कवच कुजणं. मादी नराशिवायही अंडी घालते. टाकीत माती नसेल तर ती अंडी अडवून धरते आणि त्यात दगावू शकते. अस्वस्थ होऊन भिंती खरवडायला लागली तर तिच्या पाठीच्या लांबीएवढी खोल, ओलसर वाळू-मातीची पेटी द्या. आणि डॉक्टर सरपटणाऱ्या प्राण्यांचे माहीतगार नसतील तर आधीच सांगा की कासवाला आयव्हरमेक्टिन देऊ नये. कुत्र्या-गुरांना सर्रास दिलं जाणारं हे औषध कासवाला जीवघेणं ठरतं.

कासव मोठं झालं, जागा उरली नाही म्हणून तळ्यात, नदीत किंवा देवळाच्या कुंडात सोडणं हे सगळ्यात वाईट. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परकीय प्रजातींच्या यादीत हे कासव आहे. युरोपात १९९७ पासून त्याच्या आयातीला बंदी आहे. देशी कासवांची उन्हात बसायची जागा आणि खाणं ते बळकावतं, आणि आजार देऊन जातं. ते ठेवायला दुसरं घर शोधा किंवा प्राण्यांची सुटका करणाऱ्या संस्थेला विचारा. देशी कासव कुठे विकलं जाताना दिसलं किंवा सापडलं तर महाराष्ट्रात वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे.

राहिला संचातला टब. तो फेकू नका. टाकी धुताना कासव ठेवायला तो चांगला, आणि दवाखान्यात न्यायला त्याहून चांगला. पाणी काढून टाका, तळाला ओलं पंचाचं फडकं घाला, वर भोकं पाडलेलं झाकण लावा. प्रवासात पाणी ठेवलं तर ते हिंदकळतं आणि आजारी कासवाला डोकं वर धरणं जमत नाही. थंडीत बाजूला टॉवेलमध्ये गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली ठेवा. आणि डॉक्टरांसाठी विष्ठेचा ताजा नमुना छोट्या डबीत घेऊन जा.